साडेतीन सुताचा चौकोन : साखर पेठेतल्या एका गोटी-पेटीचं प्रकरण

काकूंनी ती पेटी भंगारात काढली होती, कारण तिच्यातली एकही गोटी, म्हणजे नट फिरवायचं सॉकेट, घरातल्या कुठल्याच हँडलला धड बसत नव्हती. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्यात, काम संगणकावरचं. सोलापूरच्या साखर पेठेतलं जुनं घर उतरवायचं ठरलं आणि माळ्यावरचं सामान खाली आलं. त्यात दोन घमेली, एक मोडका पाळणा आणि ही हिरवी पत्र्याची पेटी. भंगारवाला तराजू लावून बसला होता. चौतीस रुपये किलोनं पेटीचे शंभराच्या आत-बाहेर पैसे होत होते. काकूंनी मला हाक मारली ती घेण्यासाठी नव्हे. "अरे, तू ते पाने-बिने बघतोस ना, यातलं तुझ्या कामाचं काही असलं तर घे, नाहीतर देते ह्याला," एवढंच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. अकरा वर्षांपासून जुन्या गोट्या जमवतो. त्यातही ज्यांच्या चौकोनाचं माप आता बाजारातून गेलंय, त्या. लोक विचारतात, एवढ्यात काय आहे? हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच. या एका पेटीत त्या प्रश्नाचं जेवढं उत्तर मिळालं, तेवढं बाकीच्या सगळ्या संग्रहात नाही.

आधी गोटीबद्दल दोन शब्द. सॉकेटला आपल्याकडचे मेकॅनिक गोटी म्हणतात. गोटीला दोन तोंडं. एकात नट बसतो, दुसऱ्यात हँडलचा चौकोन. नटाचं माप गोटीवर कोरलेलं असतं, म्हणून ते सगळ्यांना दिसतं. चौकोनाचं माप बहुतेक वेळा कुठंच लिहिलेलं नसतं. आज दुकानात गेलं की पाव इंच, तीन सूत, चार सूत, सहा सूत आणि एक इंच एवढेच चौकोन मिळतात. एका इंचाचे आठ सूत, त्यामुळे चार सूत म्हणजे अर्धा इंच. मिलिमीटरमध्ये लिहिणारे यांनाच ६.३, १०, १२.५, २० आणि २५ म्हणतात. आकडे थोडे गोल केलेत, चौकोन तेच. सगळ्या जगात चालतात.

पण हे एकमत व्हायला वेळ लागला. १९२० साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी स्नॅप-ऑनची सुरुवात केली ती पाच हँडल आणि दहा गोट्यांवर. पाचांनी पन्नासांचं काम करायचं, ही त्यांची जाहिरात. कुठलंही हँडल कुठल्याही गोटीत अडकवता आलं की पन्नास वेगवेगळे पाने कशाला? कल्पना साधी आणि जबरदस्त होती, पण चौकोन किती सुताचा असावा हे तेव्हा कुणी ठरवलेलं नव्हतं. एका कंपनीला ९/३२ बरा वाटला, एकीला ५/८, कुणी चौकोन सोडून षटकोनी भोकच ठेवलं. आणि मिलवॉकीतल्याच ब्लॅकहॉकनं ७/१६ इंचाचा चौकोन काढला. म्हणजे साडेतीन सूत, तीन आणि चार यांच्या अगदी मधोमध.

हे माप कुणाच्या लहरीवर ठरलेलं नाही. चौकोनाला पीळ सोसायची जी ताकद असते ती बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तीन सुताच्या चौकोनाला एक धरलं तर साडेतीन सुताचा १.५९ पट सोसतो. उलट अर्ध्या इंचाला एक धरलं तर हा ०.६७ भरतो. म्हणजे अर्ध्या सुताच्या जाडीनं जवळजवळ साठ टक्के जास्त जोर, आणि गोटी मात्र अर्ध्या इंचाच्या गोटीपेक्षा सडपातळ. इंजिनाच्या कोपऱ्यात जिथं बोट जात नाही तिथं ती जाते. माप चुकलं म्हणून ते गेलं नाही. शेजारची दोन मापं सगळ्यांनी धरली, आणि मधल्याला गिऱ्हाईक उरलं नाही.

आता पेटी. काकूंच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी एकेक वस्तू मांडली. तेरा गोट्या, एक एक्स्टेन्शन म्हणजे गोटी लांबवर पोचवायचा जोडदांडा, एक रॅचेट म्हणजे मागंपुढं हलवत नट फिरवायचं हँडल. पहिल्या नजरेला मी चुकलो, हे स्पष्ट सांगतो. खिशातली पट्टी भोकाला लावली, अकरा-साडेअकरा मिलिमीटर दिसले आणि मनात म्हटलं, अर्ध्या इंचाची कसलीतरी हलकी नक्कल असावी, भोक नीट पडलेलं नाही. रॅचेटचा चौकोन गोटीत घालून बघितला तर बसला, पण डगडग हलला. पेटी बाजूला ठेवायच्या बेतात होतो.

एका गोटीनं थांबवलं. तिच्यावर १९/३२ कोरलेलं होतं.

पावणेपाच सूत! हे माप आज पेटीत सहसा नसतं. शेजारी दुसरी निघाली, २५/३२, म्हणजे सव्वासहा. जुन्या अमेरिकन नटांना ही मापं लागत, म्हणून त्या काळच्या अमेरिकन संचांत ती हमखास असायची. नक्कल करणारा असली मापं कशाला करेल? मी घरी जाऊन व्हर्नियर आणला, बारीक मापं घ्यायचं साधन. भोकांची मापं घेतली तर ११.२, ११.३, ११.२५ अशी फिरत होती. भोक घासून मोठं होतं, शिवाय ते मुळातच थोडं सैल ठेवतात, म्हणून भोकावर भरवसा ठेवू नये. नर टोक, म्हणजे भोकात शिरणारं, खरं सांगतं. एक्स्टेन्शनचं टोक पुसून व्हर्नियरच्या जबड्यात धरलं : ११.०६. आडवं धरलं, ११.०५. सात-सोळांश म्हणजे ११.११. रॉकेलच्या बोळ्यानं काजळी काढली तेव्हा गोटीच्या कडेवर ब्लॅकहॉकची अक्षरं वर आली.

तेरापैकी अकरा गोट्या या चौकोनाच्या. उरलेल्या दोघी पाहुण्या होत्या. त्यांचा चौकोन अर्ध्या इंचाचा आणि मापापुढं डब्ल्यू कोरलेला. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, १८४१ पासूनची इंग्रजी आट्यांची पद्धत. तिथं ३/८ लिहिलं तर तो बोल्टच्या दांड्याचा व्यास, नटाची रुंदी नव्हे. त्या नटाची रुंदी ०.७१० इंच, म्हणजे अठरा मिलिमीटर भरते. सोलापूरच्या गिरण्यांतली विलायती यंत्रं याच आट्यांची, त्यामुळे आपल्या शहरात जुन्या फिटरच्या घरी व्हिटवर्थ गोट्या सापडतातच. पण अमेरिकन पेटीत त्यांचं काम नाही. कधीतरी मिसळल्या असणार. त्या मी वेगळ्या पुडीत बांधल्या.

सगळ्यांत जास्त वेळ मी रॅचेटवर घालवला. तो ब्लॅकहॉकचा नव्हता, त्यावर नावच नव्हतं. चौकोनाच्या चार बाजूंवर आडव्या कानशीच्या रेघा. व्हर्नियर लावला तर एकीकडून ११.३, दुसरीकडून १०.९. म्हणजे अर्ध्या इंचाचा, १२.७ मिलिमीटरचा चौकोन कुणीतरी हातानं घासत साडेतीन सुतावर आणला होता. आणि एका बाजूवर चिमुकलं रिकामं भोक होतं, कड एका अंगाला पातळ झालेली, चंद्रकोरीसारखी. गोटी हँडलवरून गळून पडू नये म्हणून चौकोनात एक छर्रा असतो, मागं स्प्रिंग. भोकाची कड किंचित आत ठोकून तो छर्रा कोंडलेला असतो. बाजू घासली की ती कड जाते, आणि मग छर्रा-स्प्रिंग कधीतरी निसटतातच. त्यानंतर प्रत्येक वेळी गोटी हातात धरूनच काम करावं लागलं असणार. हे ज्यानं केलं त्याला काम अडल्याची घाई होती, एवढं त्या रेघांवरून कळत होतं. कुणी केलं ते कळत नव्हतं.

काकूंना मी तिथंच सांगितलं, हे भंगार नाही. किती मोलाचं? म्हटलं, अस्सल हँडल नसलेला संच आहे, त्यामुळे डोळे दिपतील असं नाही, पण शंभर रुपये तर नक्कीच नाही. मी साडेतीन हजार दिले. त्या घ्यायला तयार नव्हत्या, "ह्यांच्या वस्तूचे तुझ्याकडून काय घेऊ," म्हणत होत्या. पण या छंदात माहिती आपल्याकडं आणि वस्तू समोरच्याकडं असते. अशा वेळी गप्प राहून भंगाराच्या भावात वस्तू उचलणं मला मान्य नाही. त्याला मी संग्रह म्हणत नाही.

पुढचा प्रश्न हँडलचा. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून सल्ला आला की गोट्यांची भोकंच अर्ध्या इंचाची करून टाका, दुकानातलं कुठलंही हँडल चालेल. सल्ला देणारा माणूस कामाचा आहे, मनानंही चांगला. तरी सल्ला चुकीचाच. एक तर या गोट्या कडक केलेल्या आहेत, त्यात ब्रोच, म्हणजे भोक कापत नेणारं दातेरी हत्यार, चालायचा नाही. वायरकटवर, म्हणजे तारेच्या ठिणगीनं धातू कापणाऱ्या यंत्रावर, भोक मोठं करता येईल, पण लहान गोट्यांच्या चौकोनाकडच्या भिंती आधीच पातळ. प्रत्येक बाजूला पाऊण मिलिमीटर काढलं तर कोपऱ्यात उरतं काय? पहिल्याच घट्ट नटाला उभी चीर. दुसरा पर्याय म्हणजे आणखी एक रॅचेट घासणं. तो प्रयोग पेटीत आधीच होऊन गेलेला होता. १२.७ चा ११.१ केला की ताकद दोन-तृतीयांशावर येते, आणि हँडलची लांबी मात्र अर्ध्या इंचाचीच राहते. माणूस पूर्ण लांबीवर जोर लावतो. चौकोन पिळून तुटला तर हात समोरच्या लोखंडावर आदळतो.

मी तिसरा मार्ग धरला. ईएन-२४ पोलादाचं एक मधलं जोड बनवून घेतलं. एकीकडं अर्ध्या इंचाचं भोक, दुसरीकडं ११.०० मिलिमीटरचा नर चौकोन. कोपऱ्यांना बारीक गोलाई, एका बाजूवर छर्रा, मग उष्णता देऊन कडक करणं आणि पाणी उतरवणं, म्हणजे ठिसूळ राहू नये म्हणून कडकपणा थोडा कमी करणं. टूलरूमच्या पोरानं दोनदा करून दिलं, पहिला चौकोन मुळाशी काटकोनात कापला होता. तिथं गोलाई नसेल तर चीर तिथूनच सुरू होते. जोडावर मी आजचं साल कोरून घेतलं, पुढं कुणाला ते जुन्या पेटीतलंच वाटू नये म्हणून. गोट्या जशा होत्या तशा राहिल्या.

साफ करताना आणखी एक धोका टळला. अकरापैकी सात गोट्यांवर चकचकीत क्रोम होतं, चौघी मंद राखाडी. मी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून बसलो होतो. पहिली राखाडी गोटी हातात घेतली आणि रंग बघून थांबलो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत क्रोम आणि निकेल लढाईच्या कामासाठी राखून ठेवलं होतं, त्यामुळे हत्यारं बनवणारे कॅडमियमचा मुलामा देत, नाहीतर नुसतंच काळं ठेवत. कॅडमियमची धूळ विषारी, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही धरते. जुन्या राखाडी मुलाम्याला ग्राइंडर, पॉलिश पेपर, गॅसची ज्योत यांतलं काहीही लावू नका, हे कळकळीनं सांगतो. मी सगळ्या गोट्या डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवल्या, हातमोजे घालून जुन्या सुती टॉवेलनं पुसल्या, ते टॉवेल टाकून दिले. डाग राहिले तिथं राहू दिले. त्या चार राखाडी गोट्यांवरून एवढंही कळलं की हा संच एका दिवशी एका डब्यात आलेला नाही, युद्धाच्या आसपास त्याची भर झालेली आहे.

मग अस्सल हँडल शोधायला लागलो. आठ महिने. मंगळवार बाजारातल्या भंगाराच्या ओळी, अशोक चौकातली गॅरेजं, पुणे नाक्यावरचे ट्रकवाले, विजापूर वेशीतल्या एका चाचांचं दुकान जिथं जमिनीपासून छतापर्यंत गिअरच गिअर. चौकोनाला इंग्रजीत ड्राइव्ह म्हणतात, म्हणून सगळीकडं विचारलं, "सेव्हन बाय सिक्स्टीन ड्राइव्हचं हँडल आहे का?" सगळीकडून एकच उत्तर, तसलं काही नसतं. एकानं तर ७/१६ च्या नटाची गोटीच काढून हातावर ठेवली.

काकूंकडं पुन्हा गेलो ते पेटीचा इतिहास लिहून घ्यायला. माझ्या वहीत प्रत्येक वस्तूला एक पान असतं. त्यांनी सांगितलं की पेटी काकांना त्यांच्या उस्तादांनी दिली. उस्तादांचं पुणे नाक्याकडं ट्रकचं गॅरेज होतं, काका तिथं तेराव्या वर्षी लागले. "आणि यांच्याबरोबर अजून एक होते की. रेल्वेत लागले, कुर्डुवाडीला. दिवाळीला फोन यायचा त्यांचा." नंबर जुन्या डायरीत सापडला.

कुर्डुवाडीला नॅरोगेजचा कारखाना होता. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी रुळांचा. ते आजोबा तिथून फिटर म्हणून निवृत्त झालेले. फोनवर मी नाव सांगितलं, काकांचं नाव घेतलं, त्यांना आनंद झाला. मग विचारलं, सेव्हन बाय सिक्स्टीनचं हँडल कधी बघितलं होतं का? नाही म्हणाले. बोलणं संपत आलं होतं. का कोण जाणे, मी म्हटलं, "आजोबा, ती साडेतीन सुताची गोटी. उस्तादांची."

पलीकडं काही क्षण आवाजच नाही.

"साडेतीन सुताची होय," ते म्हणाले. "या तुम्ही. येताना पेटी घेऊन या."

आठ महिने मी कागदावरच्या भाषेत विचारत फिरलो होतो. ज्यांनी ती हत्यारं वापरली त्यांनी अपूर्णांकातलं ड्राइव्ह असं कधी म्हटलंच नव्हतं. चौकोनावर पट्टी ठेवायची आणि सूत मोजायचे. तेव्हापासून मी आधी सुतात विचारतो. सव्वादोन सूत म्हणजे ९/३२, पाच सूत म्हणजे ५/८. अशी विचारणा केली की म्हातारी माणसं उठून आतल्या खोलीत जातात.

रविवारी कुर्डुवाडीला गेलो. आजोबा चौऱ्याऐंशीचे, कान थोडे जड, हात अजून घट्ट. पेटी उघडली तर आधी गोट्यांकडं बघितलंच नाही, झाकणाच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. तिथं खिळ्यानं ओरखडून पाच उभ्या रेघा होत्या, मी त्या नुसता ओरखडा समजलो होतो. "पाच हप्ते," ते म्हणाले. उस्तादांनी युद्धानंतर विक्रीला निघालेल्या अमेरिकन लष्कराच्या मालातून पेटी घेतली होती, एका व्यापाऱ्याकडून, हप्त्यानं. असं त्यांना उस्तादांनीच सांगितलेलं. अमेरिकन फौजेचे उरलेले ट्रक, जीपा आणि हत्यारं तेव्हा देशभर विकली गेली, त्यामुळे ही गोष्ट जुळते. वहीत मी ती त्यांच्या नावानंच लिहिली आहे, सिद्ध झालेली म्हणून नाही.

मग ते परसात गेले. गोठ्याच्या दाराला आडणा म्हणून एक लोखंडी दांडा लावलेला होता. तो काढून धोतराच्या सोग्यानं पुसत आणला. सरकता टी-हँडल. दांड्याला मध्ये डोकं, डोक्याखाली चौकोन, चौकोनात छर्रा जागच्या जागी. मी व्हर्नियर काढला, ११.०४. एक्स्टेन्शनमध्ये घातला आणि टक्कन आवाज आला. कानशीच्या रेघा असलेल्या त्या रॅचेटचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आजोबांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. रेल्वेची ऑर्डर आली त्या आठवड्यात ते एका कामासाठी टी-हँडल घरी घेऊन गेले होते. रुजू व्हायची तारीख जवळ आली, गडबडीत निघाले, हँडल ट्रंकेत राहिलं. परत करू करू म्हणत वर्षं गेली. मग उस्ताद गेले, आणि कुणाला परत करायचं हाच प्रश्न उरला. मी रॅचेट पुढं केला. त्यांनी चष्मा वर करून रेघा बघितल्या, रिकाम्या भोकात नख घातलं.

"हे त्यानंच घासलंय," ते म्हणाले. काकांबद्दल बोलत होते. "त्याची कानस डावीकडं ओढायची. किती सांगितलं तरी ओढायची."

म्हणूनच एकीकडून ११.३ आणि दुसरीकडून १०.९.

मी हँडलचे पैसे विचारले, त्यांनी हातानंच नको म्हटलं. म्हणाले, हँडल पेटीचं आहे, पेटीत ठेवा. मला हा रॅचेट द्या. मला तो द्यायचा नव्हता. पेटीचं सगळं प्रकरण ज्या एका वस्तूत वाचता येतं ती तीच होती, आणि संग्राहक म्हणून माझ्या लेखी तिची किंमत अस्सल हँडलपेक्षा जास्त झाली होती. पण ते दोन्ही हातांत धरून बसले होते. मी रॅचेटचे चारही बाजूंनी फोटो काढले, मापं पुन्हा एकदा वहीत उतरवली आणि तो त्यांच्याकडं ठेवला.

काकूंना टी-हँडल दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, गोठ्याच्या दाराला आता काय लावलंय त्यांनी? मी कारखान्यातला एक जुना शाफ्टचा तुकडा पुढच्या रविवारी नेऊन दिला.

पेटीत आता अकरा गोट्या, एक्स्टेन्शन, टी-हँडल, नवं जोड आणि वेगळ्या पुडीत दोन व्हिटवर्थ आहेत. रॅचेटच्या खाचेत मी एक चिठ्ठी ठेवली आहे : "अर्ध्या इंचाचा, साडेतीन सुतावर घासलेला. कुर्डुवाडीस आहे."